डेटाबेसचा डेटा डिस्कवर नक्की कुठं बसतो? आधी फाइल उघडून बघू, मग रॉ पार्टिशन पण करून बघू

इन्सर्ट मारला, कमिट झालं, विषय संपला असं आपण धरून चालतो. पण तो रो (टेबलमधली एक ओळ) कुठल्या फाइलमधे, कितव्या बाइटवर गेला असं कुणी इंटरव्ह्यूत विचारलं की भलेभले टेबलस्पेस वगैरे शब्द फेकून वेळ मारून नेतात. खरं तर हे सगळं डोळ्यांनी बघता येतं आणि त्याला तासभर पुरतो. एकदा बघितलं की रॉ पार्टिशन (फाइल सिस्टिम नसलेलं पार्टिशन), डायरेक्ट आयओ (ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश टाळून वाचणं-लिहिणं), बफर पूल (डेटाबेसची स्वतःची कॅश) हे सगळे वाद एकाच प्रश्नाचे आहेत हे लक्षात येतं, तो प्रश्न असा की कॅश कुणी सांभाळायची आणि डिस्कवर कधी लिहायचं हे कुणी ठरवायचं, डेटाबेसने का ऑपरेटिंग सिस्टिमने (ओएसने).

लागणारं सामान: एक व्हर्च्युअल मशीन, त्यावर लिनक्स, आणि पोस्टग्रेस व मायएसक्यूएल हे दोन डेटाबेस. प्रॉडक्शन सर्व्हरवर यातलं काहीही करू नका, विशेषतः रॉ वालं. कमांडची नावं मी इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

पायरी १: टेबलची फाइल शोधा

पोस्टग्रेसमधे एक टेबल करा, नाव "गावे", दोन कॉलम, आयडी इंटिजर आणि नाव टेक्स्ट. टेबलचं नाव खरंच देवनागरीत दिलं तरी चालतं बरं का, फक्त नावाची मर्यादा ६३ बाइट आहे आणि यूटीएफ-८ मधे आपलं एकेक अक्षर, मात्रासुद्धा, ३ बाइट खातं, म्हणून २१ च्या पुढे नाव कापलं जातं. त्यात एक रो टाका: १, 'पुणे'.

आता 'शो डेटा_डिरेक्टरी' मारा, डेबियन-उबुंटूवर साधारण व्हार-लिब-पोस्टग्रेसक्यूएलच्या खाली व्हर्जन नंबर आणि मेन असा पाथ येईल. मग 'सिलेक्ट पीजी_रिलेशन_फाइलपाथ' मधे टेबलचं नाव द्या. उत्तर येतं बेस, स्लॅश, एक आकडा, स्लॅश, दुसरा आकडा. पहिला आकडा डेटाबेसचा ओआयडी (अंतर्गत ओळख क्रमांक), दुसरा त्या टेबलच्या फाइलचा नंबर. झालं, तुमचं टेबल म्हणजे ही एक साधी फाइल. हा दुसरा आकडा कुठं लिहून ठेवू नका, कारण ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) किंवा व्हॅक्यूम फुल (टेबल नव्यानं लिहून वाया गेलेली जागा काढणं) केलं की तो बदलतो, नवीन फाइल बनते आणि जुनी उडते.

टेबल वाढून १ जीबी झालं की पुढची फाइल सुरू होते, त्याच आकड्याला टिंब देऊन १, मग २ असं. शेजारी कधी कधी एफएसएम आणि व्हीएम शेपटीच्या छोट्या फाइली दिसतील. पहिलीत कुठल्या पानात (फाइलच्या ८ केबीच्या तुकड्यात) किती जागा मोकळी आहे ते असतं, दुसरीत कुठलं पान सगळ्यांना पूर्ण दिसण्यासारखं आहे ते.

पायरी २: फाइलच्या आत बघा, आणि आधी काहीच दिसणार नाही

डेटा डिरेक्टरी फक्त पोस्टग्रेस युजरलाच वाचता येते, त्यामुळं त्या युजरने लॉगिन करून फाइलवर हेक्सडंप (फाइलचे बाइट हेक्स आकड्यांत दाखवणारी कमांड) मारा, कॅपिटल सी पर्यायासकट. इन्सर्टनंतर लगेच मारलात तर बहुतेक वेळा एक ओळ शून्यांची, मग एक चांदणी (म्हणजे पुढं तेच), आणि शेवटी २०००, बास. ते २००० हेक्समधे आहेत, आपले ८१९२ बाइट, म्हणजे ८ केबीचं एक पान. पान डिस्कवर आलंय पण कोरं आहे, आणि पुणे कुठंच नाही! कमिट तर झालंय, मग?

कमिटच्या वेळी पोस्टग्रेसने डिस्कवर पक्कं लिहिलं ते फक्त वॉल (बदलांची नोंदवही), म्हणजे पीजी_वॉल फोल्डरमधल्या १६ एमबीच्या फाइलींमधे. खरं पान अजून मेमरीत शेअर्ड बफरमधे (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅशमधे) मळलेलं, म्हणजे बदललेलं पण न लिहिलेलं, पडून आहे. आता 'चेकपॉइंट' (मळलेली पानं डिस्कवर उतरवणारी) कमांड द्या आणि परत हेक्सडंप करा. फाइलच्या शेवटाकडं ई० ए४ एए अशी सुरुवात दिसेल, तो आपला 'प'. त्याच्या आधी १बी हा एक बाइट आहे, त्यात टेक्स्टची लांबी, आणि त्याच्याही आधी ०१ ०० ०० ००, तो आपला आयडी, उलट्या बाजूने लिहिलेला कारण इंटेल-एएमडी प्रोसेसर लहान बाइट आधी ठेवतात.

चेकपॉइंट आपणहून डिफॉल्टने ५ मिनिटांनी होतो, किंवा वॉल फार साठलं तर त्याआधी. अधेमधे वीज गेली तर चालू होताना वॉल वाचून पानं परत बनवली जातात. म्हणूनच "डेटा डिरेक्टरीची फाइल कॉपी केली की बॅकअप झाला" हे चालू सर्व्हरवर साफ खोटं आहे, फाइलमधे कालबाह्य पानं असू शकतात आणि ती एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

पायरी ३: एक पान, बाइट बाय बाइट

इथं जरा थांबू, कारण गाडी इथंच अडते लोकांची. 'पेजइन्स्पेक्ट' एक्स्टेन्शन टाका, सुपरयुजर लागेल. 'गेट_रॉ_पेज' ने टेबलचं शून्य नंबरचं पान काढा आणि 'पेज_हेडर' ला द्या. लोअर २८ आणि अपर ८१४४ असं येईल.

पानाच्या सुरुवातीला २४ बाइटचं हेडर. त्याच्यापुढं प्रत्येक रोसाठी ४ बाइटचा पॉइंटर, आपला एकच रो म्हणून २४ अधिक ४, झाले २८. खरे रो मात्र पानाच्या शेवटून भरत येतात. लग्नाच्या पंगतीत दोन वाढपी दोन टोकांनी निघतात तसं, पॉइंटर पुढून आणि रो मागून, आणि मधली जागा संपली की पान भरलं.

आता 'हीप_पेज_आयटम्स' बघा. रोची लांबी ४१ दिसते. रोचं हेडर २३ बाइटचं, ते अलाइनमेंटने (ठरावीक पटीत बसवल्याने) २४ होतं, इंटिजरचे ४, लांबीचा १, आणि 'पुणे' ची चार अक्षरं धरली तर, प, उकार, ण, मात्रा, प्रत्येकी ३ प्रमाणे १२. बेरीज ४१. पण जागा ८ च्या पटीत घेतली जाते म्हणून ४८, आणि ८१९२ मधून ४८ गेले की ८१४४. बघा जुळलं. वरून पॉइंटरचे ४ धरा तर १६ बाइटच्या माहितीला ५२ बाइट गेले, आणि असे जास्तीत जास्त १५७ रो एका पानात बसतील. "माझी सीएसव्ही एवढीशी होती, टेबल एवढं मोठं कसं" याचं उत्तर यातच आहे.

अलाइनमेंटवरून एक फुकटचा फायदा. बूलियन, बिगइंट, बूलियन, बिगइंट असे कॉलम लावले तर डेटाचे ३२ बाइट जातात, कारण बिगइंटला ८ च्या पटीवरच बसायचं असतं. तेच दोन्ही बिगइंट आधी आणि बूलियन शेवटी ठेवले तर १८ पुरतात, शेवटी रो ८ च्या पटीत जातो तरी २४ च होतात. लाखभर रोला हा फरक कुणी विचारत नाही, कोट्यवधींना जाणवतो.

मोठा मजकूर असेल तर? रो साधारण २ केबीच्या वर गेला की मोठे कॉलम आधी दाबून लहान केले जातात आणि तरी मावले नाहीत तर तुकडे करून शेजारच्या टोस्ट टेबलात टाकले जातात. तीही वेगळी फाइलच.

पायरी ४: अपडेट म्हणजे खोडणं नाही

अजून एक रो टाका, २, 'सातारा'. मग आयडी १ चं नाव अपडेट करून 'नाशिक' करा आणि 'सीटीआयडी' कॉलमसकट सिलेक्ट करा. नाशिकचा पत्ता (०,३) दिसेल, शून्य पान, तिसरा पॉइंटर. (०,१) वर अजून पुणे बसलेलंच आहे, फक्त त्याच्या हेडरमधे "या ट्रान्झॅक्शनपासून मी मेलो" असा शिक्का. चेकपॉइंट करून हेक्सडंप काढलात तर तिन्ही नावं फाइलमधे दिसतील.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, डिलीट केल्याने फाइल लहान होत नाही, व्हॅक्यूमने (मेलेले रो साफ करण्याने) जागा परत वापरण्याजोगी होते पण फाइलचा आकार फक्त शेवटची पानं पूर्ण रिकामी असतील तरच कमी होतो. व्हॅक्यूम फुलने कमी होतो पण तो टेबल पूर्ण लॉक करतो आणि नवीन कॉपी बनवायला तेवढी मोकळी जागा मागतो, म्हणजे डिस्क भरली म्हणून घाईने व्हॅक्यूम फुल मारायला गेलात तर तिथंच फसाल. दुसरी गोष्ट कमी लोक बोलतात: डिलीट केलेला आधार नंबर किंवा फोन नंबर डिस्कवर बराच काळ वाचण्यासारखा राहतो. जुनी डिस्क भंगारात देताना हे डोक्यात ठेवा.

पायरी ५: मायएसक्यूएलची तऱ्हा

इनोडीबीत (मायएसक्यूएलचं डिफॉल्ट स्टोरेज इंजिन) तत्त्व तेच पण मांडणी वेगळी. पान डिफॉल्टने १६ केबी, ६४ पानांचा १ एमबीचा एक्स्टेंट. व्हर्जन ५.६ पासून प्रत्येक टेबलला डिफॉल्टने आपली स्वतंत्र आयबीडी फाइल मिळते, त्याआधी सगळं आयबीडेटा१ नावाच्या एकाच फाइलमधे जायचं, जी फुगत जायची आणि कधीच आक्रसायची नाही.

मोठा फरक असा की पोस्टग्रेसमधे रो मिळेल त्या पानात पडतो आणि इंडेक्स वेगळ्या फाइलमधे असतो, इनोडीबीत मात्र अख्खं टेबलच प्रायमरी कीच्या बी-ट्रीमधे (क्रमाने लावलेल्या झाडासारख्या रचनेत) राहतं आणि बाकीच्या प्रत्येक इंडेक्समधे प्रायमरी कीची कॉपी असते. त्यामुळं रँडम यूयूआयडी (क्रम नसलेला लांब ओळख-कोड) प्रायमरी की केली की पानं सारखी मधेच फुटत राहतात आणि सगळे इंडेक्स फुगतात. वाढता आकडा ठेवा, सुखी राहाल.

अर्धवट लिहिलेल्या पानाचं काय हा प्रश्न दोघांनाही चुकलेला नाही. ८ किंवा १६ केबीचं पान लिहिताना डिस्क एकदमच सगळं लिहील अशी हमी सहसा नसते, मधे वीज गेली तर अर्धं नवीन अर्धं जुनं असं फाटकं पान राहतं. पोस्टग्रेस यासाठी चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदललं की अख्खं पान वॉलमधे टाकतो, इनोडीबी आधी डबलराइट बफरमधे लिहून मग जागेवर लिहितो. स्पीडसाठी हे बंद करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला बॅकअप रिस्टोअर करायला पण बोलवा.

मग रॉ पार्टिशन आलं कुठून?

रॉ पार्टिशन म्हणजे ज्यावर फाइल सिस्टिमच नाही असं पार्टिशन. एक्सटी४ नाही, एनटीएफएस नाही, डेटाबेस सरळ डिव्हाइसच्या ब्लॉकवर आपली पानं लिहितो. फाइलींना जुन्या युनिक्सवाल्यांनी नाव ठेवलं कुक्ड, म्हणजे शिजवलेल्या, आणि हे रॉ. इन्फॉर्मिक्स डेटाबेसवाल्यांच्या तोंडी हे दोन्ही शब्द कायम असायचे.

कारणं खरी होती. फाइल सिस्टिममधून वाचलं की तेच पान एकदा ओएसच्या कॅशमधे आणि एकदा डेटाबेसच्या बफरमधे, एकाच डेटाला दुप्पट रॅम, आणि त्या काळी रॅम सोन्याच्या भावाची. वर ओएस "लिहिलं" म्हणायची आणि खरं लिहायची नंतर, म्हणजे कमिटचं वचनच धोक्यात. तिसरं, बऱ्याच युनिक्सवर एका फाइलवर एका वेळी एकच लिहिणारा अशी कुलपं होती. इन्ग्रेस बनवणाऱ्या मायकेल स्टोनब्रेकरने १९८१ मधेच लिहून ठेवलं होतं की ओएसच्या या सोयी डेटाबेसच्या कामाच्या नाहीत. गंमत बघा, त्याच्याच बर्कलीतल्या प्रोजेक्टमधून पुढं आलेला पोस्टग्रेस आजही फाइल सिस्टिमवर आणि ओएसच्या कॅशवर भिस्त ठेवून चालतो, आणि रॉ पार्टिशन त्याला चालतच नाही.

सायबेस आणि ओरॅकलच्या मोठ्या युनिक्स मशीनवर रॉ सर्रास असायचं. ओरॅकल ९आयच्या रॅकमधे (एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर चालवण्याची सोय) तर दोन-चार सर्व्हर एकच डिस्क वापरणार आणि क्लस्टर फाइल सिस्टिम नसेल तर रॉ शिवाय पर्यायच नसायचा. प्रत्येक डेटाफाइलला एक रॉ डिव्हाइस, आणि फाइलचा साइज पार्टिशनपेक्षा थोडा कमी ठेवायचा कारण हेडरला जागा लागते. कुठलं पार्टिशन कशाला दिलंय याची एक्सेल शीट हीच खरी डेटा डिक्शनरी. १०जी मधे ओरॅकलने एएसएम आणलं, त्यात डिस्क रॉच राहिल्या पण त्यांचा हिशोब एएसएम ठेवू लागलं आणि ती शीट सुटली.

पायरी ६: रॉ स्वतः करून बघा

इनोडीबीत अजूनही सिस्टिम टेबलस्पेससाठी (आयबीडेटा१ वाल्या सामाईक जागेसाठी) रॉ पार्टिशन देता येतं, शिकायला हे उत्तम. व्हर्च्युअल मशीनला ६ जीबीची जादा डिस्क जोडा, एलएसबीएलके मारून तिचं नाव बघा, समजा एसडीबी. त्यावर एक पार्टिशन करा, एमकेएफएस (फाइल सिस्टिम बनवणारी कमांड) करायचं नाही, माउंट पण करायचं नाही.

आता परवानगी. डिव्हाइसवर साधं चोन (मालक बदलणारी कमांड) मारलं तर आत्ता चालेल पण रीबूटला जाईल, कारण डेव्ह फोल्डर दर वेळी नव्यानं बनतं. म्हणून यूडेव्हचा (डिव्हाइसची नावं-परवानग्या ठरवणाऱ्या सेवेचा) रूल लिहा, ओनर मायएसक्यूएल, मोड ०६६०, आणि त्यातच कायमचं टोपणनाव द्या. एसडीबी हे नाव पक्कं नसतं, दुसरी डिस्क जोडली की उद्या तेच एसडीसी होऊ शकतं, आणि त्यावर विसंबून राहिलात तर डेटाबेस भलत्याच डिस्कवर लिहायला जाईल. उबुंटूवर अजून एक अडथळा, ॲपआर्मर, म्हणजे कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा ते ठरवणारी सुरक्षा. मायएसक्यूएलच्या प्रोफाइलमधे त्या डिव्हाइसचा पाथ वाचा-लिहा परवानगीने टाकावा लागतो, नाहीतर सगळं बरोबर असूनही परमिशन डिनाइड येत राहील आणि तुम्ही चोनलाच शिव्या घालत बसाल.

मग कॉन्फिग. सर्व्हर बंद करा. 'इनोडीबी_डेटा_होम_डिर' बरोबर-चिन्हापुढं रिकामं ठेवा. 'इनोडीबी_डेटा_फाइल_पाथ' मधे आधी जुन्या आयबीडेटा१ चा पूर्ण पाथ आणि त्याचा आत्ताचा साइज एमबीत, ऑटोएक्स्टेंड शब्द काढून, मग अर्धविराम, मग रॉ डिव्हाइसचा पाथ, कोलन, ५जी आणि त्याला चिकटून न्यूरॉ. एमबी इथं १०२४ गुणिले १०२४ बाइटचा आहे, डिस्क विकणाऱ्यांचा १० लाखाचा नाही, म्हणून पार्टिशनपेक्षा कमी आकडा टाका.

सर्व्हर चालू करा, इनोडीबी पार्टिशन साफ करून आपली पानं आखेल. यावेळी एकही टेबल बनवू नका, कारण न्यूरॉ शब्द तसाच राहिला तर पुढच्या रीस्टार्टला पार्टिशन परत पुसलं जातं. सर्व्हर बंद करा, न्यूरॉ च्या जागी नुसतं रॉ लिहा, परत चालू करा. अख्ख्या प्रकारात सगळ्यात धोकादायक गोष्ट 'न्यू' ची हीच तीन इंग्रजी अक्षरं.

टेबल तिथं जायला पाहिजे असेल तर 'इनोडीबी_फाइल_पर_टेबल' बंद करून ते बनवावं लागेल, नाहीतर ते आपल्या आयबीडी फाइलमधे जाऊन बसेल आणि तुम्हाला वाटेल रॉवर आहे. काही रो टाका, सर्व्हर नीट बंद करा आणि डिव्हाइसवरच हेक्सडंप मारा, मघासारखीच ई० ए४ ची जोडी तिथं शोधून सापडेल. फाइल असो वा रॉ, पान तेच.

आता ब्लकआयडी मारा. त्या पार्टिशनवर फाइल सिस्टिमचा टाइपच दिसणार नाही, म्हणजे बाहेरच्या माणसाला ते रिकामंच. नवीन आलेला ॲडमिन "ही डिस्क पडूनच आहे की" म्हणून एमकेएफएस करून मोकळा होतो. विंडोजवर तर अजून मजा, जुने एसक्यूएल सर्व्हर रॉ पार्टिशन घ्यायचे, नुसतं ड्राइव्हचं अक्षर द्यायचं, आणि त्या ड्राइव्हवर चुकून क्लिक केलं की विंडोज आपुलकीने विचारतं, फॉरमॅट करू का? म्हणून पार्टिशनला जीपीटीमधे (डिस्कवरच्या पार्टिशनच्या यादीत) स्पष्ट नाव द्या, 'मायएसक्यूएल रॉ, फॉरमॅट करू नका' असं, एसजीडिस्कने होतं.

आज करावं का?

माझं मत, नाही. लिनक्समधे ओ_डायरेक्ट आल्यापासून फाइल सिस्टिमवर राहूनच ओएसची कॅश टाळता येते, इनोडीबीत 'फ्लश_मेथड' ला तेच द्यायचं, ८.४ पासून लिनक्सवर सहसा डिफॉल्टच ते आहे. लिनक्सचा जुना रॉ ड्रायव्हरसुद्धा ५.१४ कर्नलमधून काढून टाकला. रॉमधे जो थोडासा वेग उरतो त्यासाठी ऑटो-वाढ, एलएस, डीयू, साधी कॉपी हे सगळं सोडायचं, हा सौदा बहुतेकांना परवडत नाही. त्यापेक्षा एक्सएफएस किंवा एक्सटी४ वर ठेवा. बीटीआरएफएस असेल तर डेटा डिरेक्टरीवर कॉपी-ऑन-राइट (जुन्या जागी न लिहिता दर वेळी नवीन जागी लिहिणं) बंद करा, फाइल बनायच्या आधी.

कॅश कुणाची याचा परिणाम मात्र रॅमच्या सेटिंगमधे येतोच. डेटाबेससाठीच दिलेल्या मशीनवर इनोडीबीला ओ_डायरेक्टसह बफर पूल ७०-८० टक्क्यांपर्यंत नेतात, पोस्टग्रेसला शेअर्ड बफर २५ टक्क्यांपासून सुरू करतात कारण बाकीची रॅम ओएस त्याच्याच फाइलींना वापरते. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की हळू चालतं आणि मग दोष क्वेरीला.

ओएसवर भिस्त ठेवायची किंमत पोस्टग्रेसने २०१८ मधे मोजली. लिनक्सवर एफसिंक (डेटा खरंच डिस्कवर उतरव असं ओएसला सांगणं) एकदा फेल झालं की कर्नल ती पानं स्वच्छ समजायचा, पोस्टग्रेस परत एफसिंक करायचा आणि यावेळी "ओके" यायचं, डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नाही. त्यानंतर पोस्टग्रेस असा एरर आला की सरळ पॅनिक होऊन बंद पडतो आणि वॉलमधून परत उभा राहतो. त्यामुळं लॉगमधे एफसिंकचा पॅनिक दिसला तर सर्व्हर नुसता चालू करून पुढं जाऊ नका, आधी डीमेसग (कर्नलचे संदेश) आणि स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत) बघा, डिस्क जायला आली असेल.

आणि प्रयोग झाल्यावर रॉवरून परत यायचं असेल तर कॉन्फिगमधून ती ओळ खोडून चालत नाही, इनोडीबी सिस्टिम टेबलस्पेसमधली फाइल काढूच देत नाही आणि सर्व्हर उठणार नाही. मायएसक्यूएलडंपने सगळं बाहेर काढा, सर्व्हर बंद करा, जुनी डेटा डिरेक्टरी बाजूला ठेवा, साध्या आयबीडेटा१ च्या कॉन्फिगवर नव्यानं इनिशियलाइझ करा, डंप भरा, रो मोजून बघा, मगच ते पार्टिशन पुसून टाका.